मझल ब्रेक बसवला आणि ग्रुप फाटला: दोष कुठे शोधायचा, आणि शेजारी उठून का जातो

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. रायफल चांगली होती, १०० यार्डांवर पाच गोळ्या एका इंचात बसत होत्या. खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडावर मझल ब्रेक, म्हणजे बाजूला छिद्रे असलेला, आट्यांनी बसणारा धातूचा तुकडा लावला. आता त्याच पाच गोळ्या दोन-अडीच इंचांत पसरतात, मधूनच एखादी भलतीकडे जाते, आणि शेजारच्या बेंचवरचा माणूस दहा मिनिटांत आपली बॅग उचलून लांब जाऊन बसतो. मग ब्रेक बदलला जातो. नवा ब्रेक महाग असतो, पण निकाल तोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

धातूचा तो तुकडा स्वतः सदोष निघण्याची शक्यता सगळ्यात कमी असते, म्हणून ती शेवटी तपासायची. दोष बहुधा बसवण्यात असतो, नाहीतर ट्रिगरवर बोट ठेवणाऱ्या माणसात. यांतला दुसरा दोष आणि शेजारचा वैताग यांचे मूळ एकच आहे. त्यावर पुढे येऊच.

आधी तक्रार नीट मांडा: ग्रुप सरकला की फाटला?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण निम्म्या तक्रारींत त्यांची सरमिसळ झालेली असते.

ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पूर्वीइतकाच घट्ट आहे, फक्त दीड इंच खाली किंवा डावीकडे गेला, तर काहीही बिघडलेले नाही. ब्रेकचे वजन साधारण ८० ते २०० ग्रॅम असते आणि ते नळीच्या अगदी टोकाला लटकते. गोळी आतून जात असताना नळी थरथरत असते. टोकाला वजन आले की ती थरथर बदलते आणि गोळी सुटण्याच्या क्षणी तोंड वेगळ्या दिशेला असते. शिकारीच्या रायफलची पातळ नळी जास्त सरकते, जाड टार्गेट नळी कमी. स्कोप पुन्हा झिरो करा, म्हणजे क्रॉसहेअर गोळ्यांच्या नव्या जागेशी जुळवा, विषय संपला. हा सरक दर वेळी तेवढाच यायला हवा. ब्रेक काढून पुन्हा तितकाच घट्ट बसवल्यावर झिरो दुसरीकडेच सापडत असेल, तर मात्र नळीचा खांदा किंवा ब्रेकची मागची बाजू अस्वच्छ आहे, नाहीतर वाकडी कापलेली आहे.

ग्रुप फाटला असेल तर पुढे वाचा. पण एक गोष्ट पाहून घ्या. पाच गोळ्यांचा एकच ग्रुप फारसे काही सांगत नाही. सरासरी एक इंचाची रायफल, काहीही न बदलता, एकदा पाऊण इंच देते आणि पुढच्याच वेळी सव्वा-दीड इंच. म्हणून ब्रेकसह पाच गोळ्यांचे तीन ग्रुप, ब्रेकशिवाय तीन, आटे झाकणारे टोपण लावून तीन. काडतुसे एकाच लॉटची, दिवस एकच, आणि दोन ग्रुपांच्या मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचे. पंचेचाळीस काडतुसे खर्च होतात. नवीन ब्रेकपेक्षा स्वस्तच पडते.

ब्रेक काढल्यावर ग्रुप पूर्ववत झाला तर दोष बसवणीत, किंवा झाडणाऱ्याच्या दचकण्यात. काढूनही फाटलेलाच राहिला तर नळीच्या तोंडाशी काहीतरी झाले आहे, म्हणजे आटे पाडताना.

ब्रेक नेमके काय करतो

थोडे गणित केले की पुढची अर्धी उत्तरे आपोआप मिळतात.

.३०८ विंचेस्टरची १६८ ग्रेनची गोळी जवळपास ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर. तिच्यामागची पावडर ४४ ग्रेन, म्हणजे २.८५ ग्रॅम. या पावडरचा वायू गोळीपेक्षा बराच जास्त वेगाने बाहेर पडतो. धक्क्याच्या हिशेबात तो वेग गोळीच्या पावणेदोनपट धरण्याची पद्धत आहे. गुणाकार केला की एकूण संवेगात वायूचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास येतो. .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये पावडर ७० ग्रेनच्या पुढे जाते, तिथे हाच वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात.

ब्रेकचा हात पोचतो तो एवढ्याच वाट्यापर्यंत. गोळीने दिलेला धक्का तो परत घेऊ शकत नाही. पुढे जाणारा वायू बाजूला वळवला की वायूचा वाटा कमी होतो, आणि पोर्ट, म्हणजे ब्रेकची बाजूची छिद्रे, मागे झुकलेले असतील तर तो वायू रायफलीला उलट पुढे ओढतो. धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून संवेग तीस टक्के घटला की ऊर्जा निम्मी होते. जाहिरातीतला ‘पन्नास टक्के’ बहुधा असा आलेला असतो. खोटा नसतो, पण ऊर्जेचा असतो.

.२२ लाँग रायफलमध्ये पावडर जेमतेम एक-दीड ग्रेन. वळवायला वायूच नाही. त्यावर लावलेला ब्रेक म्हणजे टोकाला लावलेले वजन, आणि शोभा.

आता मुद्द्याचे. ब्रेकचे काम सुरू होते तेव्हा गोळीचे बूड क्राउनच्या, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेच्या, बाहेर पडलेले असते. गोळी नळीत असतानाच्या हालचालीवर ब्रेकचा परिणाम होतो तो फक्त वजनापुरता. अचूकता बिघडवायला त्याच्याकडे दोनच खरे मार्ग उरतात: गोळी ब्रेकला घासणे, किंवा गोळीच्या बुडाला एका बाजूने वायूचा धक्का बसणे. दोन्ही वाकड्या बसवणीचे परिणाम.

अर्धा मिलिमीटर

कुठल्याही तपासणीआधी मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री. बोल्ट-ॲक्शन असेल तर बोल्ट पूर्ण काढून बाजूला ठेवा.

ब्रेकचे पुढचे भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठे ठेवतात. गोळी अगदी मधोमध गेली तर सगळीकडून पाव मिलिमीटर मोकळी जागा. फार मोठे भोक ठेवले तर वायू पोर्टांकडे न वळता पुढून निसटतो, म्हणून ते इतके बेताचे.

आणि लोक ब्रेकच्या मागे क्रश वॉशर, म्हणजे आवळताना दबून बसणारी चकती, घालतात.

हा वॉशर नळीच्या तोंडची ज्वाळा कमी दिसावी म्हणून लावायच्या फ्लॅश हायडरसोबत येतो. फ्लॅश हायडरचे तोंड मोकळे असते, तो थोडा तिरका बसला तरी गोळीला अडत नाही. वॉशर मात्र दाबताना सगळीकडून सारखा दबेल याची काही खात्री नसते. समजा, १९ मिलिमीटर व्यासाच्या खांद्यावर तो एका बाजूला ०.१ मिलिमीटर जास्त दबला. एवढी तर वहीच्या एका पानाची जाडी. ब्रेकची लांबी अडीच इंच, म्हणजे ६३ मिलिमीटर. पुढच्या भोकापर्यंत जाताना हा फरक ०.३३ मिलिमीटर होतो. मोकळी जागा होती ०.२५. आट्यांची पकड तो थोडाफार रोखते, पण आट्यांनाही आपली ढिलाई असतेच.

गोळी घासते आहे हे ओळखायची चिन्हे:

पुढच्या भोकाच्या आतल्या कडेला एकाच बाजूला तांब्याची चकचकीत रेघ. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, कधी चक्क आडवी गेलेली गोळी. ग्रुप बरा, पण पाचातली एक गोळी दरवेळी तीन-चार इंच बाहेर, आणि ट्रिगर चुकल्याची तुम्हाला आठवण नाही. भोकाच्या कडेवरून कापसाचा बोळा गोल फिरवा. धागे एकाच जागी अडकत असतील तर तिथे धातू खरवडला गेला आहे. यांतले एकही चिन्ह दिसले तर त्या दिवशी पुढची गोळी झाडू नका.

तिरकेपणा मोजायला कॅलिबरप्रमाणे घासून काढलेली पोलादी सरळ सळी मिळते. ती तोंडाकडून नळीत सरकवायची आणि ब्रेकच्या भोकात ती मधोमध दिसते का ते पाहायचे. सळी नसेल तर बोल्ट काढून मागून नळीतून उजेडाकडे पाहा. नळीचे गोल आणि पलीकडचे ब्रेकचे गोल एकात एक बसलेली दिसली पाहिजेत. एका बाजूला चंद्रकोर दिसली की समजा ब्रेक वाकडा आहे. डोळ्याने पाव मिलिमीटर नेमका मोजता येत नाही, पण ढोबळ वाकडेपणा सुटत नाही. सळी वापरली असेल तर ती बाहेर काढून वेगळी ठेवा, आणि बोल्ट घालण्याआधी नळीतून पुन्हा एकदा आरपार पाहा. नळीत अडकलेली वस्तू आणि झाडलेली गोळी यांची गाठ पडली तर नळी फुटते.

वॉशर नको, तर मग ब्रेक सरळ कसा बसवायचा

पोर्ट डावी-उजवीकडे समान आले पाहिजेत, आणि ते जेमतेम हाताने घट्ट केल्यावर नेमके तिथे येत नाहीत. दोन चांगले मार्ग आहेत.

एक, सपाट घासलेल्या शिम, म्हणजे पातळ चकत्या. ५/८-२४ आट्यांत (५/८ इंच व्यास, एका इंचात २४ आटे) एका पूर्ण वळशाला १.०६ मिलिमीटर पुढे सरकते. ब्रेक पाव वळसा जास्त फिरत असेल तर ०.२६ मिलिमीटरची शिम हवी. १/२-२८ आट्यांत पाव वळशाला ०.२३. असा हिशेब करून एकच शिम बसवा, फार तर दोन. पाच पातळ शिमा एकावर एक रचल्या तर त्या कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या सरकतात. शिम आट्यांवर चढली नाही ना, खांद्यावर सपाट बसली ना, ते शेवटचा वळसा देण्याआधी पाहा.

दोन, मागे वेगळा नट असलेला ब्रेक. ब्रेक हाताने योग्य जागी आणायचा, पोर्ट लेव्हलवर सरळ करायचे, ब्रेक पान्याने स्थिर धरायचा आणि नट मागून त्याच्यावर आवळायचा. इथे ब्रेकऐवजी नटच फिरवायचा असतो. उलटे केले की पोर्ट तिरके होतात आणि मग लोक नटाला दोष देतात.

टॉर्क ब्रेकसोबत आलेल्या कागदावर असेल तो. ५/८-२४ साठी तो बहुतेक वेळा २० ते ३० फूट-पाउंडांच्या मध्ये, म्हणजे साधारण २७ ते ४० न्यूटन-मीटर असतो. नळी बॅरल व्हाइसमध्ये, म्हणजे नळी पकडायच्या शिकंजात, धरा. रायफलीचा मागचा भाग, म्हणजे रिसीव्हर, धरून टोकाला जोर लावला तर सगळा पीळ मधल्या सांध्यावर येतो. एआर-१५ सारख्या रायफलीत नळीची छोटी पिन रिसीव्हरमध्ये खाचा पाडते.

पोर्ट घड्याळातल्या नऊ आणि तीनवर न येता दहा आणि चारवर आले तर? गोळी तोवर गेलेली असते, त्यामुळे ती गोळी चुकत नाही. पण रायफल तिरकी उसळते, क्रॉसहेअर निशाण्यावर परत येत नाही, अर्धा वायू जमिनीवर आपटून धूळ उडवतो आणि उरलेला शेजाऱ्याच्या कपाळाकडे जातो.

सैल ब्रेक

पहिले दोन ग्रुप छान, तिसरा फाटतो. हे लक्षण दिसले की ब्रेक हाताने फिरवून पाहायच्या आधी थांबा. तो तापलेला असतो, जाड हातमोजा घाला.

ओळखायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नळी आणि ब्रेक दोघांवर मिळून एक बारीक सरळ रेघ, पेंट पेनने किंवा नेलपॉलिशने. वीस गोळ्यांनी रेघ पाहा. तुटली असेल तर ब्रेक फिरला आहे.

आटे चिकटवून धरणारा निळा थ्रेडलॉकर इथे टिकत नाही. तो साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंतच पकड धरतो, आणि भराभर झाडलेल्या मॅग्नमचा ब्रेक ती मर्यादा सहज गाठतो. ब्रेक कायमचा ठेवायचा असेल तर लोक रॉकसेट नावाचे चिकटद्रव्य वापरतात. ते उष्णतेला दाद देत नाही, पण पाण्यात भिजत ठेवले की सुटते, म्हणून काढायच्या वेळी नळीचे तोंड रात्रभर पाण्याच्या भांड्यात. लावण्याआधी आटे तेलविरहित करा आणि एक दिवस वाळू द्या. ब्रेक वरचेवर काढणार असाल तर काहीही लावू नका. कोरडे स्वच्छ आटे, योग्य टॉर्क आणि ती रेघ पुरेशी आहे.

आटे जुळले म्हणजे ब्रेक जुळला असे नाही

हा भाग छोटा आहे, पण चूक झाली तर सगळ्यात महाग पडते. .२२ व्यासाच्या गोळीसाठी १/२-२८ आणि .३० साठी ५/८-२४ ही अमेरिकेतली रूढ जोडी. पण काही .३० नळ्याही १/२-२८ आट्यांच्या निघतात. .२२३ चा ब्रेक त्यावर हसत बसतो, आणि भोक मात्र गोळीपेक्षा लहान असते. ब्रेकवर छापलेले कॅलिबर वाचा, छापलेले नसेल तर कॅलिपरने भोक मोजा. उलट बाजूने धोका नाही: ६.५ मिलिमीटरच्या नळीवर .३० चा ब्रेक चालतो, फक्त धक्का थोडा कमी अडवतो.

पातळ नळीवर आटे पाडून घेताना उरलेल्या भिंतीचा हिशेब करा. .३० नळीवर ५/८-२४ आटे पाडले तर आट्यांच्या तळाशी भिंत साधारण ३.४ मिलिमीटर राहते. तिथेच १/२-२८ पाडले तर १.९. इतकी बारीक भिंत ठेवली की तोंडाजवळ नळीचा आतला व्यास किंचित सैल पडू शकतो, आणि गोळीला शेवटची पकड नेमकी तिथेच हवी असते. ब्रेक काढूनही ग्रुप फाटलेला राहतो तो बहुधा अशा कामानंतर. दुसरा संशयित म्हणजे आटे पाडताना दुखावलेला क्राउन. दोन्हीवर उपाय गनस्मिथकडे: क्राउन पुन्हा कापणे, नाहीतर टोक थोडे छाटून नव्याने आटे. आटे नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी नाही, आतल्या भोकाशी समकेंद्री हवेत, हे त्याला आधीच सांगा. चांगल्या गनस्मिथला हे सांगावे लागत नाही. पण विचारल्याने तो रागावतही नाही.

सगळे सरळ आहे, तरी ग्रुप मोठा

मग आता बेंचवर बसलेल्या माणसाकडे वळू.

ब्रेक खांद्यावरचा भार कमी करतो आणि त्याची किंमत कानावर, चेहऱ्यावर वसूल करतो. ब्रेक नसलेल्या सेंटरफायर रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो. ब्रेक त्यात आणखी पाच-दहाची भर घालतो. सहा डेसिबल वाढले की हवेचा दाब दुप्पट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘पाच-दहा’ किती ते कळते. अशा क्षणिक आवाजासाठी सुरक्षेची कमाल मर्यादा १४० धरली जाते.

शरीर दचकायला धक्का आणि धडाका यांत फरक करत नाही. ज्याला धक्क्याची भीती नव्हती तोही ब्रेक लावल्यावर ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळे मिटू लागतो. हे स्वतःला कळत नाही, कारण पुढच्याच क्षणी सगळे हलते. उघडकीला आणायला मित्राला सांगा की मॅगझिनमध्ये तुम्हाला न दाखवता दोन-तीन डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसे मिसळ. डमीवर ट्रिगर दाबला आणि क्रॉसहेअरने खाली डुबकी मारली, की गुन्हेगार सापडला. फोनवर स्लो मोशनमध्ये बाजूने चेहरा टिपला तरी मिटणारे डोळे दिसतात.

उपाय तीन, आणि तीनही एकत्र करायचे. फोमचे इअरप्लग आणि त्यावर इअरमफ. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट ठेवा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग नुसता दागिना आहे. मफ आणि प्लग मिळून अडवलेल्या डेसिबलची बेरीज होत नाही, दुसऱ्याने साधारण पाचची भर पडते, पण ब्रेकच्या बाबतीत ते पाचच कामाचे. गालाला दस्ता लागल्यावर मफ उचलला जातो का ते बघा, आणि चष्म्याच्या काड्या बारीक ठेवा. दुसरा उपाय छताखालून बाहेर येणे. पत्रा आणि सिमेंटची भिंत सगळा धडाका परत पाठवतात. तिसरा, रोज दहा मिनिटे रिकाम्या रायफलीवर ट्रिगरचा सराव, आणि रेंजवरची प्रत्येक खेप .२२ ने सुरू करणे.

दुसरी सवयही बिघडते. धक्का नाही म्हणून पकड ढिली होते, खांदा मागे राहतो, बायपॉडवर भार दिला जात नाही. मग रायफल दर वेळी वेगळ्या दिशेने उसळते. ब्रेक असो-नसो, खांद्याचा दाब सारखाच हवा. वरच्या बाजूला छिद्रे असलेला ब्रेक तोंड खाली दाबतो, तिथे पुढची पिशवी कडक हवी. पडून नेमबाजी करणाऱ्यांनी तळाला पोर्ट नसलेला ब्रेकच घ्यावा, आणि पुढे एक ओली चटई किंवा ताडपत्री अंथरावी.

जाताजाता स्कोपच्या रिंगचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. बऱ्याच रिंगांना १५ ते १८ इंच-पाउंड लागतात. ते सैल असतील तर वर लिहिलेले सगळे फुकट.

शेजारी

वायू बाजूला आणि मागे फेकला जातो, म्हणजे नेमबाजापेक्षा डावी-उजवीकडचा माणूस जास्त सोसतो. त्याला ना धक्का कमी झाल्याचे सुख, ना गोळी कधी सुटणार याची कल्पना. त्याच्या हातात त्या क्षणी अर्धा दाबलेला ट्रिगर असतो.

जागा निवडताना रांगेच्या टोकाचा बेंच घ्या, शक्यतो मातीच्या बांधाच्या बाजूचा. टोक रिकामे नसेल तर मध्ये एक बेंच सोडून बसा. .२२ वर पहिल्यांदा बसलेले मूल, नवशिका माणूस किंवा रायफल बेंचवर टेकवून कागदावर आपला लोड, म्हणजे पावडर-गोळीचे प्रमाण, तपासणारा बेंचरेस्टवाला शेजारी असेल तर जागा तुम्ही बदलायची, त्याने नाही.

बसण्याआधी दोन वाक्ये बोला: माझ्या रायफलीला ब्रेक आहे, तुम्हाला त्रास होणार असेल तर सांगा, सुरू करताना मी हात वर करीन. एवढ्यावर बहुतेक लोक मोकळे होतात. बॅगेत फोमचे जास्तीचे इअरप्लग असावेत, ते पुढे करा. शेजारी ‘हो’ म्हणाला तरी सलग वीस गोळ्यांऐवजी पाच-पाचच्या खेपा घ्या आणि त्याच्या खेपेत थांबा.

मझल, म्हणजे नळीचे तोंड, फायरिंग लाइनच्या आणि बाजूच्या पार्टिशनच्या पुढे असली पाहिजे. पार्टिशनच्या आत तोंड ठेवून ब्रेकची रायफल झाडणे म्हणजे खोलीत लवंगी नव्हे, सुतळी बॉम्ब. बेंच पुढे सरकवता येत नसेल तर त्या बेंचवर ब्रेक वापरू नका. शेजाऱ्याच्या बेंचवरचे कागद, काडतुसांचे उघडे डबे, हलके स्पॉटिंग स्कोप या सगळ्याला झोत लागतो. आवाजावर सुरू होणारा रडार क्रोनोग्राफ शेजाऱ्याने लावला असेल तर तुमची गोळी त्याच्या यादीत जाते. मग त्याचा सगळा दिवस वाया.

पार्टिशनमागे वा छताखाली ब्रेक चालेल की नाही, हे रेंज ऑफिसरला आधी विचारा. बंदिस्त रेंजवर अनेक ठिकाणी मनाईच असते.

आणि एक चूक, जी चांगली माणसेही करतात: शेजाऱ्याने विनंती केली म्हणून ब्रेक काढायला घेतात, तेवढ्यात सीझ-फायर, म्हणजे गोळीबार थांबवण्याचा आदेश, होतो, लोक टार्गेटकडे चालू लागतात, आणि यांचा पाना रायफलीवर सुरूच. लाइन थंड, म्हणजे गोळीबार बंद, असताना रायफलीला हात लावायचा नाही. ब्रेक काढायचा तो लाइन गरम, म्हणजे गोळीबार चालू, असताना, मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, तोंड टार्गेटकडे. नाहीतर हाताळणीसाठी ठरवून दिलेल्या टेबलावर. हात टोकाकडे जाणार असतो, म्हणून आधी रेंज ऑफिसरला सांगून.

शेजारी तुम्ही असाल, तर ‘ब्रेकवाल्याने’ पहिली गोळी झाडल्यावर कपाळाला आठ्या घालून बसण्यापेक्षा उठून सरळ बोला. बहुतेकांना आपला झोत बाजूला कसा लागतो हे माहीतच नसते; ते स्वतः त्याच्या मागे बसलेले असतात. त्याला पाच गोळ्या तुमच्या बेंचवर उभे राहून ऐकायला सांगा.

कुठे चालतो, कुठे नाही

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत रायफलवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर यांना बंदी आहे; नळीला वा पुढच्या नळकांड्याला छिद्रेही चालत नाहीत. त्यामुळे बालेवाडीत किंवा कोल्हापुरात ५० मीटर शिकलेला नेमबाज ब्रेकशी कधी भेटलेलाच नसतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले ते अशाच साध्या नळीने. रायफल टेकवून लांब पल्ल्यावर खेळल्या जाणाऱ्या एफ-क्लासमध्येही ब्रेक चालत नाही. उलट अमेरिकेतल्या पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) प्रकारच्या सामन्यांत जवळपास प्रत्येक रायफलीला ब्रेक दिसतो, कारण तिथे आपली गोळी कुठे पडली ते स्कोपमधून स्वतःच पाहायचे असते आणि रायफल उसळली तर ते दिसत नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या २०१३ च्या सेफ ॲक्टमध्ये सुटी मॅगझिन लागणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या आक्षेपार्ह भागांत ब्रेकचे नाव आहे. तिथे इंग्रजी स्पेलिंग चुकून ‘मोडणे’ अर्थाचे पडले आणि त्यावर कोर्टात कीस पाडला गेला. देवनागरीत दोन्ही ब्रेकच. आपल्या लिपीत तो खटला उभाच राहिला नसता. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, म्हणून सेमी-ऑटोमॅटिकवर ब्रेक लावण्याआधी आपल्या राज्याचा कायदा वाचा. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मंडळींना तर अमेरिकी संघीय कायद्याने, वैध शिकार परवान्यासारखे अपवाद सोडल्यास, बंदूक बाळगताच येत नाही. भारतात बंदुकीची दुरुस्ती वा फेरफार करायला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार वेगळा परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी नेऊ नये.

देखभाल आणि बॅगेतला डबा

पोर्टांत जमलेला काळा कार्बन निरुपद्रवी असतो. पुढच्या भोकाच्या कडेवर आणि क्राउनवर जमलेला नाही. दोन-तीनशे गोळ्यांनी ब्रेक काढून त्या दोन जागा नायलॉनच्या ब्रशने साफ करा, स्टीलचे टोकदार हत्यार कडेला लावू नका. नळी साफ करतानाही ब्रेक काढलेला बरा, नाहीतर सगळा सॉल्व्हंट काजळीसह त्याच्या पोटात साचतो आणि आट्यांत उतरतो. परत बसवताना खांदा आणि ब्रेकची मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसा. तिथे अडकलेला कार्बनचा एक कणही वर मोजलेल्या ०.१ मिलिमीटरचे काम करतो.

डब्यात ठेवायचे ते असे: ब्रेकच्या मापाचा पाना, आट्यांचे टोपण, जाड हातमोजा, पेंट पेन, दोन शिमा, इअरप्लगच्या चार-पाच जोड्या. आणि एक कार्ड, दस्त्याला चिकटवलेले, ज्यावर दोन झिरो लिहिलेले आहेत: ब्रेकसह, आणि टोपणासह. दोन्हींतला फरक स्कोपच्या क्लिकमध्ये लिहा, उदाहरणार्थ ‘टोपण लावल्यास ५ वर, २ उजवीकडे’. शेजारच्या बेंचवर कोणी आठ वर्षांच्या मुलीला .२२ शिकवत बसले असेल, तर ब्रेक काढून कामाला लागायला मग दोन मिनिटे पुरतात.